अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धावर लिहिताय? या चुका टाळा

परीक्षेचं उत्तर असो वा भाषण, या विषयावर बहुतेकांची सुरुवात ठरलेली असते: ‘तेरा वसाहतींतली सारी जनता इंग्रजांविरुद्ध पेटून उठली.’ हे वाक्य आधी खोडा. पुढची निम्मी गडबड त्यातूनच होते.

वसाहतींत तेव्हा सुमारे २५ लाख लोक होते. गोऱ्यांपैकी अंदाजे पाचवा हिस्सा इंग्लंडच्या राजाशी एकनिष्ठ राहिला आणि कितीतरी लोक कुंपणावर बसून होते. फूट अगदी घराघरांत होती. बेंजामिन फ्रँकलिन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करत होते, त्याच वर्षी त्यांचा मुलगा विल्यम, न्यू जर्सीचा राजनियुक्त गव्हर्नर, बंडखोरांच्या कैदेत पडला. बापलेकांचं पुढे कधी जुळलं नाही. ७ ऑक्टोबर १७८० ची किंग्ज माउंटनची लढाई तर जरूर वाचा. दोन्हीकडचे सैनिक जवळजवळ सगळे वसाहतींतलेच. राजाच्या बाजूचा सेनानी मेजर फर्ग्युसन तेवढा ब्रिटनहून आलेला, आणि तोही तिथेच पडला.

दुसरी चूक लष्करी बळ मोजताना होते. इंग्रजांच्या तोफा, जहाजं आणि भाडोत्री जर्मन सैनिक (युद्धभरात सुमारे ३०,०००) यांची यादी द्यायची, मग ‘तरीही ते हरले’ म्हणून मोकळं व्हायचं. का हरले, हे राहूनच जातं. आरमाराच्या जोरावर इंग्रजांनी १७७६ मध्ये न्यूयॉर्क घेतलं, १७८० मध्ये चार्ल्सटन घेतलं. पण आतला मुलूख धरून ठेवायला सैन्य पुरत नव्हतं. पलटण पुढे सरकली की मागे राहिलेले राजनिष्ठ शेजाऱ्यांच्या तावडीत सापडत. मग पुढच्या गावात इंग्रजांना उघड साथ कोण देणार? म्हणून लष्करी बळ आणि सामाजिक फूट असे दोन वेगळे मुद्दे पाडू नका, एकाच परिच्छेदात घ्या.

झाडाआडून गोळ्या झाडणाऱ्या शेतकऱ्यांनी युद्ध जिंकलं, हेही अर्धंच खरं. व्हॅली फोर्जच्या छावणीत फॉन श्टॉयबेन या प्रशियन अधिकाऱ्याने बंडखोरांच्या नियमित सैन्याकडून कवायत घटवून घेतली. जानेवारी १७८१ मध्ये काउपेन्सच्या लढाईत बंडखोरांचा सेनानी डॅनियल मॉर्गन याने गावकरी शिबंदीला सांगितलं, दोन फैरी झाडा आणि मागे या. इंग्रजांना ती पळापळ वाटली, ते विस्कळीत होऊन धावले आणि थेट नियमित सैन्याच्या रांगेवर आदळले. यॉर्कटाउनच्या निर्णायक वेढ्यात तर बंडखोरांच्या मित्र फ्रेंचांच्या आरमाराने समुद्राची वाट अडवली नसती, तर इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस सुटून गेला असता. (हाच कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये आपल्याकडे गव्हर्नर जनरल म्हणून आला.)

गुलाम आणि मूळ रहिवासी यांना शेवटच्या एका ओळीत गुंडाळू नका. वसाहतींत पाच लाखांच्या आसपास गुलाम होते. व्हर्जिनियाचा गव्हर्नर डनमोर याने नोव्हेंबर १७७५ मध्ये, राजाच्या फौजेत येतील त्या गुलामांना मुक्ती जाहीर केली. मात्र ती बंडखोर मालकांच्याच गुलामांना. सुमारे ५,००० कृष्णवर्णीय बंडखोरांच्या बाजूने लढले. १७८३ मध्ये जवळपास ३,००० जण इंग्रजांबरोबर न्यूयॉर्क सोडून आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाकडे गेले.

मूळ रहिवाशांच्या जमातींचा इरोक्वा संघही फुटला. मोहॉक, सेनेका इंग्रजांकडे गेले, ओनायडा वसाहतवाल्यांकडे. १७७९ मध्ये बंडखोरांचा सेनापती सलिव्हन याच्या फौजेने इरोक्वांची ४० हून अधिक गावं जाळली, उभा मका कापून टाकला. १७८३ च्या पॅरिस तहात मूळ रहिवाशांचा साधा उल्लेखही नाही. मित्र म्हणून लढलेल्या ओनायडांची बहुतेक जमीनही पुढच्या पाचेक वर्षांत न्यूयॉर्क राज्याने घेतली.