जुन्या प्रवासी लाँचचा पत्रा कसा तपासावा

मे महिन्यात कोयनेचं पाणी उतरलं की बामणोलीच्या काठावर आमची खरी कामं निघतात. लाँच वर ओढली की तिचा तळ उघडा पडतो. शिवसागर जलाशयात बुडालेल्या घरांची जोती, झाडांचे बुंधे, काठाचे खडक, या सगळ्यांनी वर्षभरात काय केलंय ते तेव्हा दिसतं. मी मेढ्याजवळच्या गावचा वेल्डर. चुलते मुंबईत माथाडी होते, त्यांच्या ओळखीनं तिथल्या दारूखान्यात, म्हणजे बंदराकाठच्या जहाजांच्या कामाच्या वस्तीत, लागलो आणि चौदा वर्षं जहाजांच्या दुरुस्तीवर काढली. तिथं शिकलो तेच इथं करतो.

पोचा दिसला की हात आधी घणाकडे जातो. तो आवरा. दारूखान्यात एका जुन्या प्रवासी जहाजाची बाजू पहिल्यांदा जवळून पाहिली तेव्हा मला दुष्काळातला बैल आठवला. आतल्या फ्रेमा, म्हणजे जहाजाच्या बरगड्या, बाहेरून मोजता येत होत्या, मधला पत्रा आत बसलेला. हे आता भंगारातच जाणार, असं मी म्हणालो. आमचे मिस्त्री म्हणाले, "धक्क्याला लागून लागून असं होतं. गोल पोचा वर्षानुवर्षं टिकतो. तू घडी शोध."

घडी म्हणजे पत्रा जिथं तीक्ष्ण वळलाय ती रेघ. लोखंड तिथं ताणलं गेलेलं असतं, रंग तडकतो, पाणी शिरतं आणि चीर पडते. ती शोधायची वेळ संध्याकाळची. तळ धुऊन वाळवा, टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश सोडा. भर उन्हात न दिसणारा पोचा सावली धरतो. प्रत्येकाभोवती खडूनं गोल काढा, दोन फ्रेमांच्या मध्ये सुतळी ताणून पट्टीनं खोली मोजा आणि वहीत लिहा. पुढच्या मेमध्ये तोच आकडा आला तर पोचा थांबलेला आहे. वाढला असेल तर आत जाऊन फ्रेम बघा, ती वाकलेली किंवा तिचा सांधा सुटलेला सापडेल.

मग हातोडी, पण हलकी, चिपिंगची, म्हणजे गंज झाडायची. धड पत्रा खणखणतो, खंगलेला बद्द वाजतो. सगळ्यात जास्त वाजवा ते पाणरेषेच्या पट्ट्यावर, जिथं पत्रा सारखा ओला-सुका होतो. तितकंच आतल्या बाजूनं तळाच्या फळ्यांखाली, जिथं चिखल आणि डिझेलमिश्रित पाणी साचून राहतं. गोड्या पाण्यातल्या लाँच मी बाहेरून जेवढ्या सडलेल्या पाहिल्या, त्याहून जास्त आतून पाहिल्या आहेत.

बद्द वाजलं तिथं अल्ट्रासॉनिक गेज, म्हणजे ध्वनिलहरींनी जाडी मोजणारं यंत्र, लावा. यंत्र आधी माहीत असलेल्या जाडीच्या तुकड्यावर जुळवून घ्या आणि जागेवरचा रंग खरवडा. साध्या गेजला रंगाचा एक मिलिमीटर लोखंडाच्या दोनाहून जास्त मिलिमीटरसारखा भासतो, म्हणजे कुजका पत्राही धडधाकट ठरतो. मूळ जाडीचा साधारण पाव हिस्सा गेला की पत्रा बदलायचा, हा माझा हिशेब. पाच मिलिमीटरचा पत्रा पावणेचारवर आला की मी थांबत नाही. शेवटचा शब्द लाँच तपासणाऱ्या सर्व्हेयरचा.

घडीवर चीर आहे का, ते लाल डाय लावून कळतं. जागा स्वच्छ करा, लाल द्रव मारा, दहा मिनिटं थांबा, कापडानं पुसा, वर पांढरा डेव्हलपर फवारा. चीर असली तर लाल रेघ उमटते.

आता दुरुस्ती. उथळ, गोल, धड जाडीचा पोचा तसाच ठेवा. चीर पडलेला किंवा खंगलेला भाग कापून नवा पत्रा बसवा. निदान फूटभर लांब-रुंद, कोपरे गोल, कारण चौकोनी कोपऱ्यातून पुन्हा चीर निघते. जुन्या पत्र्यावरच ठिगळ मारू नका, दोघांच्या मध्ये पाणी अडकून दोन्ही सडतात. एका लाँचचा पोचा कुणीतरी लांबी (पुट्टी) भरून, रंग देऊन गुळगुळीत केला होता. मी खरवडला तर खाली बोट जाईल एवढं भोक. त्या लाँचमधून शाळेची पोरं जात होती. ते आठवलं की आजही हातपाय गार पडतात.

डिझेलच्या टाकीजवळ ठिणगी पाडण्याआधी टाकी काढून लांब न्या. रिकाम्या टाकीत वाफ उरते, ती भरल्या टाकीपेक्षा घातक.

तळाचं झालं की वर या. तिथली झीज माणसांच्या वाटेवर असते. पायरीच्या चेकर प्लेटचे उंचवटे गेले की पावसात पाय घसरतो, ती बदला. रेलिंगच्या बुडाशी हात घालून हलवून बघा. दोर घासून बोलार्डला, म्हणजे दोर बांधायच्या खुंटाला, पडलेल्या खाचेची धार ग्राइंडरनं मोडा, नाहीतर ती नवा दोरही खाते.

रंगाआधी पत्रा उजळ होईतो घासा, त्याच दिवशी प्रायमर मारा. पत्र्याऐवजी स्वतः गंजून झिजणाऱ्या वड्या तळाला लावतात, त्या मॅग्नेशियमच्या लावा. समुद्रात जस्ताच्या चालतात, पण गोड्या पाण्यात जस्त नीट काम करत नाही.

पाण्यात सोडल्यावर माणसांऐवजी आधी वाळूच्या गोण्या भरा, जेवढी माणसं बसतात तेवढ्या वजनाच्या. तासाभरानं फळ्या उचला आणि प्रत्येक नव्या सांध्यावरून कोरडं फडकं फिरवा.