‘अव्यय’ ओळखावे ते त्याच्या नावावरूनच

‘अव्यय’ हा शब्द आपण शाळेत शिकतो तो बहुधा चार प्रकारांच्या यादीसह: क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी. यादी पाठ होते. पण या चौघांना एकाच नावाखाली का आणले हे समजले नसेल, तर प्रत्यक्ष वाक्यात शब्द ओळखताना अडखळायला होते. म्हणून सुरुवात नावापासून करावी.

‘व्यय’ म्हटले की आज आपल्याला खर्च आठवतो. मुळात मात्र या संस्कृत शब्दात ‘इ’ म्हणजे जाणे हा धातू आणि ‘वि’ हा उपसर्ग आहे. त्यांवरून क्षय, बदल असे अर्थ आले आणि खर्च हा त्यांपैकीच एक. ज्याचा व्यय होत नाही ते अव्यय, आणि भगवद्गीतेत आत्म्याला ‘अव्यय’ म्हटले आहे ते याच अर्थाने. व्याकरणात न बदलणारी गोष्ट म्हणजे शब्दाचे रूप. पाणिनीने ‘स्वरादिनिपातमव्ययम्’ (1.1.37) या सूत्रात ‘स्वर्’पासून सुरू होणारा शब्दगण आणि निपात (‘च’, ‘वा’ यांसारखे छोटे शब्द) यांना ही संज्ञा दिली. पतंजलीच्या महाभाष्यात आलेला श्लोक तिचा अर्थ स्पष्ट करतो: तिन्ही लिंगांत, सर्व विभक्तींत आणि सर्व वचनांत जे सारखेच राहते, ‘यन्न व्येति तदव्ययम्’, म्हणजे जे बदलत नाही ते अव्यय.

हा श्लोक म्हणजेच कसोटी. आधी लिंग आणि वचन बदलून पाहावे. ‘मुलगा हळू चालतो, मुलगी हळू चालते, मुले हळू चालतात’ यांत ‘हळू’ जागचे हलत नाही. ‘तो चांगला गातो, ती चांगली गाते’ यांत मात्र ‘चांगला’ बदलतो, म्हणून क्रियेविषयी माहिती देत असूनही तो अव्यय नव्हे. एवढ्यावर थांबल्यास फसगत होते, कारण ‘हुशार मुलगा’ आणि ‘हुशार मुलगी’ यांतही रूप तेच राहते. तेव्हा शब्दाला विभक्तीचा प्रत्यय लावून पाहावा. ‘हुशारांना वेगळे सांगावे लागत नाही’ असे आपण सहज म्हणतो, पण ‘हळूंना’ असे कोणी म्हणत नाही. म्हणून ‘हुशार’ विशेषण आणि ‘हळू’ अव्यय.

‘इथे’, ‘काल’ यांसारखे स्थलकालवाचक शब्द या कसोटीला थोडा त्रास देतात, कारण त्यांच्यापासून ‘इथून’, ‘कालचा’ अशी रूपे होतात. तरीही त्यांना लिंग-वचनाचा विकार होत नाही (‘कालचा, कालची’ असे बदलते ते नव्याने झालेले विशेषण), म्हणून त्यांना अव्ययांतच ठेवणे मला योग्य वाटते.

अव्यय ठरल्यावर प्रकार पाहावा, आणि तो शब्दावरून नव्हे, वाक्यातील कामावरून ठरवावा. ‘तो मागे उभा राहिला’ यात ‘मागे’ क्रियाविशेषण अव्यय आहे. ‘तो घरामागे उभा राहिला’ यात तेच शब्दयोगी झाले, आणि त्याच्यामुळे ‘घर’चे सामान्यरूप ‘घरा’ झाले. येथे बदल झाला तो नामात. अव्यय होते तसेच राहिले. शब्दयोगी अव्यय नामाला जोडूनच लिहावे. ‘घरा मागे’ असे तोडून लिहिणे चूक आहे.

लेखनात आणखी एक फरक पडतो. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहितात, म्हणून ‘मति’चे ‘मती’ होते. पण ‘परंतु’, ‘तथापि’, ‘यथामति’ ही तत्सम अव्यये ऱ्हस्वान्तच लिहावीत, आणि मराठीतील ‘आणि’ व ‘नि’ हीसुद्धा.