सुरी घेताना आधी पात्याची उंची बघा

आईचे गुडघे दुखायला लागले आणि आमची विळी ओट्याखाली गेली. आयुष्यभर तिनं विळीवर भाजी चिरली. तिथं पातं जागेवर असतं आणि भाजी हलते. सुरीचं नेमकं उलटं. पहिली सुरी आणली तेव्हा कांदा चिरताना तिच्या बोटांची पेरं सारखी चिरायच्या पाटाला आपटायची. मला वाटलं, सवय नाही म्हणून. मग पातं मोजलं, तर पाठीपासून धारेपर्यंतची उंची जेमतेम अडीच सेंटिमीटर! असल्या सुरीनं पाटावर चिरताच येत नाही. म्हणूनच आपल्याकडे कितीतरी बायका भाजी हातात धरून अंगठ्यावर कापतात आणि अंगठ्यावर बारीक चिरा पडतात.

तेव्हा लांबीआधी उंची बघा. मुठीजवळ पातं चार-साडेचार सेंटिमीटर तरी हवं. दुकानात सुरी काउंटरवर टेकवा, मूठ धरा. बोटांखाली मोकळी जागा राहिली पाहिजे. मग अंगठा आणि तर्जनीनं पातं मुठीलगत चिमटीत धरून बघा. पात्याची पाठ बोटाला बोचत असेल, तर अर्धा किलो गवार चिरेपर्यंत ती बोचतच राहणार. लांबी सहा-सात इंच पुरते. आठ इंची सुरी उत्तम, पण पाटही तेवढा मोठा लागतो. आईच्या हाताला जपानी घाटाची, सपाट धारेची सांतोकू बसली. मेथी, कोबी तिच्यावर झरझर होतात.

पोलादाचा कठीणपणा रॉकवेल नावाच्या मापात मोजतात; आकडा जितका मोठा, तितकं पोलाद कठीण. जर्मन पद्धतीच्या सुऱ्या साधारण 56 ते 58 असतात, जपानी बहुधा 60 किंवा त्याहून जास्त. कठीण पात्याची धार टिकते, पण सुरण किंवा हाडावर टवका उडू शकतो. रोजच्या वापराला मी 56-58 चीच सुरी घेईन. साध्या कार्बन पोलादाला धार फार सुंदर लागते, पण लिंबू-चिंचेनं ते काळं पडतं आणि ओलं राहिलं की गंजतं. लगेच पुसून ठेवणार असाल तरच घ्या.

पाच सुऱ्यांचा संच घेऊ नका, त्यातल्या तीन खणात पडून राहतात. एक चांगली सुरी, सोलायला एक लहान, आणि उरलेल्या पैशांत 1000 ग्रिटचा, म्हणजे मध्यम खरखरीत, धारेचा दगड. दगड भिजवून, दोन्ही बाजूंनी साधारण पंधरा-वीस अंशांत पातं सरकवायचं. धारवाल्याच्या फिरत्या चाकावर पातं तापलं तर पोलाद मऊ पडतं, म्हणून चांगली सुरी मी तिथं देत नाही. पाट लाकडाचा हवा. काचेच्या पाटावर किंवा ग्रॅनाइटच्या ओट्यावर धार पार बोथट होते.

पिकलेल्या टोमॅटोवर सुरी नुसती ओढा. साल दाबावी लागली, तर दगड काढायची वेळ झाली.

लाल भोपळा आणि फणस मात्र आजही विळीवरच होतात. तेवढ्यापुरती मी खाली बसते.