सीआय सर्व्हर लावलाय? मग या चुका टाळा

आमचं ऑफिस नाशिकच्या गंगापूर रोडला आणि काम मुख्यतः द्राक्षांच्या पॅकहाउससाठी लागणाऱ्या सॉफ्टवेअरचं. सीझन चालू असताना दिंडोरी-पिंपळगावकडे एखाद्या पॅकहाउसात पॅकिंग लिस्ट निघाली नाही, तर भरलेला कंटेनर दारात उभा राहतो. म्हणून आम्ही जेनकिन्स हा सीआय सर्व्हर लावला, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल आपोआप तपासणारी यंत्रणा. कोड पुश झाला, म्हणजे गिटवर चढवला, की बिल्ड होतो (कोडमधून चालणारं सॉफ्टवेअर तयार होतं), टेस्ट चालतात, पास झाल्या तर डिप्लॉय होतं, म्हणजे ते प्रत्यक्ष वापरात जातं. हे सगळं उभं करायला एक दिवस पुरला. पण तो दाखवतो त्या हिरव्या खुणेवर निर्धास्त विसंबता यावं, यासाठी जवळजवळ वर्ष गेलं. तेवढा वेळ तुमचा जाऊ नये म्हणून हे लिहितोय.

टेस्ट फेल, तरी बिल्ड हिरवा

आमची सगळ्यात महागात पडलेली चूक एका ओळीत होती. टेस्टचा लॉग फाइलमध्येही हवा, म्हणून टेस्टच्या कमांडला पाइप लावून, म्हणजे तिचं आउटपुट पुढच्या कमांडला देऊन, पुढे ‘टी’ (tee) कमांड जोडलेली होती. पाइप असला की शेल, म्हणजे कमांड चालवणारा प्रोग्राम, फक्त शेवटच्या कमांडचा एक्झिट कोड धरतो (० म्हणजे यशस्वी, बाकी सगळं फेल). टेस्ट फेल झाल्या, त्यांचा कोड आला १. पण ‘टी’ने आपलं काम, म्हणजे लॉग लिहिणं, चोख केलं, त्याचा कोड ०. जेनकिन्सच्या हातात पडला तो ०. बिल्ड हिरवा झाला, डिप्लॉय झालं आणि सकाळी पेट्यांच्या लेबलवर निव्वळ वजन चुकीचं छापून आलं. लॉग उघडला तर चार टेस्ट फेल झाल्याचं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. तो वाचायची वेळच कुणावर आली नव्हती.

यावर उपाय म्हणजे बॅश या शेलमधला ‘पाइपफेल’ हा पर्याय, तो लावला की पाइपमधली कुठलीही कमांड फेल झाली तर सगळी ओळ फेल धरली जाते. मात्र त्यात एक खाच आहे. जेनकिन्सची शेल स्टेप एरवी ‘एक्स’ आणि ‘ई’ हे फ्लॅग स्वतःहून लावते, त्यामुळे कमांड फेल झाली की स्क्रिप्ट तिथेच थांबते. पाइपफेलसाठी तुम्ही पहिल्या ओळीत बॅशचा पत्ता लिहिलात की हे फ्लॅग लागत नाहीत. ‘सेट’ कमांडने ‘ई’ आणि पाइपफेल दोन्ही आपणच चालू करायचे. एक भोक बुजवताना दुसरं पडतं ते इथेच.

नवा जॉब (जेनकिन्सला नेमून दिलेलं काम) केला की आता आम्ही आधी एक टेस्ट मुद्दाम मोडून पुश करतो. बिल्ड लाल झाला आणि डिप्लॉय अडला, तरच तो जॉब वापरात येतो.

‘परत रन कर, होईल पास’

हे वाक्य टीममध्ये रुळलं की लाल रंगाचा धाक संपतो. आमच्याकडे रात्री २ वाजता सगळ्या टेस्ट चालायच्या आणि ‘आजच्या गाड्या’ या रिपोर्टची टेस्ट लाल व्हायची. सकाळी कुणीतरी परत चालवायचं, पास. नेटवर्क, लोड, काहीतरी असेल म्हणून आम्ही सोडून देत होतो.

कारण घड्याळात होतं. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर, चालत होता. आपल्याकडे रात्रीचे २ वाजतात तेव्हा तिथे आदल्या तारखेचे २०:३० झालेले असतात. टेस्ट आपल्या तारखेने गाडी शोधायची आणि नोंद पडलेली असायची आदल्या दिवसावर. मध्यरात्र ते पहाटे ५:३० एवढ्याच वेळात हे घडायचं. पॅकहाउसात रात्रीचंही लोडिंग चालतं, म्हणजे मध्यरात्रीनंतर भरलेली प्रत्येक गाडी रिपोर्टमध्ये खरोखरच चुकीच्या दिवशी जात होती. टेस्ट बरोबर सांगत होती, आम्ही तिला लहरी ठरवलं होतं. आता कोडला ‘आत्ता किती वाजले’ ते बाहेरून दिलं जातं आणि टेस्टमध्ये रात्री १२:१० ही वेळ ठरवूनच ठेवली आहे. सर्व्हरचा टाइमझोन बदलून टेस्ट पास झाली असती, पण चूक कोडमध्ये तशीच राहिली असती.

जाता जाता, जेनकिन्सच्या शेड्यूलमध्ये पहिल्या ओळीत एशिया-कोलकाता हा टाइमझोन लिहिता येतो. नाहीतर यूटीसीवरच्या सर्व्हरवर २ वाजताचा जॉब आपल्या सकाळी ७:३० ला सुरू होतो.

तपासलं एक, पाठवलं दुसरंच

निर्यातीच्या द्राक्षांचं उदाहरण इथे अगदी चपखल आहे. नोंदणी केलेल्या प्लॉटमधून नमुना घेतला जातो, लॅबमध्ये औषधांचे अंश तपासले जातात आणि त्या अहवालावर त्याच प्लॉटचा माल जातो. शेजारच्या प्लॉटचा माल त्यावर चालत नाही. सॉफ्टवेअरमध्ये मात्र स्टेजिंगला (चाचणीच्या सर्व्हरवर) एक बिल्ड तपासून प्रॉडक्शनसाठी, म्हणजे प्रत्यक्ष वापरासाठी, नव्याने बिल्ड करणारे खूप जण आहेत. मधल्या दोन तासांत एखाद्या लायब्ररीची नवी आवृत्ती आली की तपासलेला माल वेगळा, गेलेला वेगळा. बिल्ड एकदाच करा, त्यातून बनलेल्या डॉकर इमेजला (सॉफ्टवेअर आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेला गठ्ठा) कमिटचा हॅश, म्हणजे गिटमधल्या त्या बदलाचा ओळख क्रमांक, लावा आणि तीच इमेज पुढे सरकवा. ‘लेटेस्ट’ टॅगवर डिप्लॉय करू नका, त्यामागची इमेज बदलत राहते. नोड (जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर सर्व्हरवर ‘एनपीएम इन्स्टॉल’ऐवजी ‘एनपीएम सीआय’ चालवा. ती लॉकफाइलमधल्याच (लायब्ररींच्या नेमक्या आवृत्त्या नोंदवलेल्या फाइलमधल्याच) आवृत्त्या घेते आणि लॉकफाइल ‘पॅकेज जेसन’शी जुळत नसेल तर थांबते.

बिल्ड रांगेतच अडकलाय

आधी डिस्क बघा. जागा १ जीबीच्या खाली गेली की जेनकिन्स, सेटिंग बदललेलं नसेल तर, ते मशीन ऑफलाइन करतो आणि बिल्ड नुसते वाट बघत बसतात. जुने बिल्ड आपोआप पुसले जात नाहीत, किती ठेवायचे ते सेटिंगमध्ये सांगावं लागतं. पडून राहिलेल्या डॉकर इमेजही साफ करा. पुश करूनही बिल्ड सुरूच होत नसेल आणि सर्व्हर ऑफिसच्या लॅनवर असेल, तर गिटहबचा वेबहुक, म्हणजे ‘नवा कोड आला’ हा निरोप, बाहेरून तिथपर्यंत पोहोचतच नाही. अशा वेळी पोलिंग लावा, म्हणजे जेनकिन्सच ठरावीक वेळाने नवा कोड आलाय का ते बघतो.

पासवर्ड जेनकिन्सच्या क्रेडेन्शियल्स या विभागातच ठेवा, जेनकिन्सफाइलमध्ये (बिल्डच्या पायऱ्या लिहिलेल्या, कोडसोबत गिटमध्ये जाणाऱ्या फाइलमध्ये) लिहू नका. गिटमध्ये एकदा गेलेला पासवर्ड फाइलमधून पुसला तरी इतिहासात राहतो, तो बदलावाच लागतो. बॅकअप घेताना ‘सीक्रेट्स’ फोल्डरही घ्या. त्यातल्या किल्ल्यांशिवाय क्रेडेन्शियल्सची फाइल उघडत नाही. आम्ही दर डिसेंबरला, द्राक्षं सुरू व्हायच्या आधी, हा बॅकअप कोऱ्या मशीनवर चढवून एक बिल्ड पार डिप्लॉयपर्यंत नेऊन बघतो. पहिल्या वर्षी नेमकं हेच फोल्डर राहिलं होतं आणि सगळे पासवर्ड हाताने परत भरावे लागले.