पंचगंगेची चढउतार आणि एन्ट्रॉपी: नोंदवहीतून बदल कसा पकडायचा

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. पाणी किती, हे त्यातून कळतं. नदीचं वागणं कधी पालटलं, हे कळत नाही. त्यासाठी गणितज्ञ क्लॉड शॅननने १९४८ साली मांडलेली एन्ट्रॉपी, म्हणजे अनिश्चिततेचं माप, कामी येते.

दर तासाची पातळी घ्या आणि मागच्या तासाशी फरक काढा. तीन कप्पे पुरतात: किमान १ इंच चढ, किमान १ इंच उतार, बाकी स्थिर. पट्टी इंचात वाचली जात असेल तर याहून बारीक कप्पे नकोत. नदीऐवजी वाचणाऱ्याची नजर मोजली जाईल. आता सात दिवसांचे १६८ तास एकत्र घ्या. समजा ४२ तास चढ, ८४ स्थिर, ४२ उतार. प्रत्येक प्रमाणाला त्याच्याच २ पायाच्या लॉगने गुणा, बेरीज करा, चिन्ह उलटं करा: १.५ बिट (बिट हे एन्ट्रॉपीचं एकक). रिकामा कप्पा शून्य धरा, नाहीतर स्प्रेडशीट तिथेच अडेल.

पुढच्या आठवड्यात १२६ तास चढ आणि ४२ स्थिर असतील, तर उत्तर ०.८१ बिट येतं. पूर चढतोय आणि एन्ट्रॉपी उतरतेय! गणित बरोबर आहे. एन्ट्रॉपी अनिश्चितता मोजते, पाणी नव्हे. एकसारखी चढणारी नदी आणि निपचित नदी, दोन्हींची एन्ट्रॉपी कमीच. म्हणून नुसत्या एन्ट्रॉपीच्या आलेखावर विसंबू नका. सोबत कुलबॅक-लायब्लर अंतर, म्हणजे नवा आठवडा जुन्याहून किती वेगळा याचं माप, काढा: नवं प्रमाण भागिले जुनं, त्याचा लॉग, गुणिले नवं प्रमाण, आणि बेरीज. वरच्या आठवड्यांसाठी ते ०.९४ बिट, म्हणजे पालट ठळक. जुन्या आठवड्यात एखादा कप्पा रिकामा असेल तर अंतर अनंत होतं. सगळ्या कप्प्यांत आधी अर्धी नोंद मिळवा.

गगनबावड्याच्या पावसाचा पातळीवर परिणाम शोधायचा तर ट्रान्सफर एन्ट्रॉपी: आताची पातळी माहीत असताना, पाऊसही कळल्याने पुढच्या पातळीची अनिश्चितता आणखी किती घटते, ते. पाऊस, आताची पातळी, पुढची पातळी, प्रत्येकी तीन कप्पे धरले की २७ खाने होतात. १६८ नोंदींत खान्याला सरासरी सहाच येतात आणि नसलेला संबंधही दिसू लागतो. जून ते सप्टेंबरचे २,९२८ तास घ्या, खान्याला सरासरी १०८ पडतात. पाऊस फक्त सकाळी ८:३०चा, दिवसाचा एकच आकडा असेल, तर पातळीही त्याच वेळेची घ्या आणि बरेच हंगाम जोडा. मात्र सप्टेंबरअखेरची नोंद पुढच्या जूनला चिकटवू नका.

आलेला आकडा खरा की योगायोग? पावसाची मालिका आहे तशी ठेवून दहा दिवसांहून जास्त सरकवा, शेवट सुरुवातीला जोडा आणि पुन्हा मोजा. असं २०० वेळा करा आणि मूळ आकडा त्या २०० आकड्यांशी ताडून पाहा. तास विस्कटून टाकणं सोपं, पण पावसाची सलगता मोडते आणि कसोटी फारच सैल होते. १ ते २४ तासांपैकी सर्वांत मोठं उत्तर देणारा विलंब (पाऊस आणि पातळी यांतलं अंतर) निवडणार असाल, तर सरकवलेल्या मालिकांतही तसाच निवडा.

राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे आणि नृसिंहवाडीच्या संगमावर कृष्णेचा फुगवटा (मागे तुंबणारं पाणी), हे दोन्ही चौथा घटक म्हणून घालावेच लागतात. तेव्हा दोनच कप्पे ठेवा: दरवाजा उघडा की बंद, फुगवटा आहे की नाही. एका वेळी एकच घाला. दोन्ही एकदम घातले तर २७चे १०८ खाने होतात आणि हंगामाचा विदाही तोकडा पडतो.