करवंटीचा कोळसा, पाण्याचा वास घालवायला
नारळाच्या करवंट्या बंबात घालण्याआधी थोड्या बाजूला काढून ठेवा. पाण्याचा वास आणि पिवळट झाक कमी करायला हा कोळसा फार कामाचा. कारखान्यातही सक्रिय कार्बनसाठी, म्हणजे वास आणि रंग शोषून घेणाऱ्या खास कोळशासाठी, करवंटीला मोठी पसंती असते.

काथ्या नीट खरवडून करवंट्या उन्हात कडक वाळवा. रंग नसलेल्या पत्र्याच्या डब्यात भरा, झाकणाला खिळ्याने एक बारीक भोक पाडा आणि डबा अंगणातल्या चुलीच्या जाळात ठेवा. भोकातून आधी पांढरा दाट धूर येतो, मग तो पातळ होत होत थांबतो. थांबला की डबा बाहेर काढून भोक ओल्या मातीने लिंपा आणि रात्रभर त्याला हात लावू नका! गरम असताना झाकण उघडलं, तर हवा लागून कोळसा पेट घेतो आणि हाती नुसती राख उरते.

गार झाल्यावर ज्वारीच्या दाण्याएवढा कुटा, भुकटी चाळून काढा, काळं पाणी यायचं थांबेपर्यंत धुवा. धुतलेल्या वाळूवर त्याचा वीतभर थर द्या आणि पाणी बारीक धारेने सोडा.

कारखान्यात हाच कोळसा ८०० ते १००० अंश सेल्सिअसला वाफेत तापवतात, तेव्हा त्यातली सूक्ष्म छिद्रं मोकळी होतात. चुलीवर ते साधत नाही, म्हणून घरचा कोळसा लवकर थकतो. वास परत यायला लागला की बदला. याने जंतू मरत नाहीत, पाण्यातले क्षारही जात नाहीत. प्यायचं पाणी गाळल्यावर उकळायचंच.