विमानात सायकल न्यायची तर पेडल आधीच सैल करा

खोका भरायच्या वेळी पेडल निघतच नाही, हे खूप जणांचं होतं. व्हिएतनामला निघायच्या आदल्या रात्री इंदूरला घरी मी तासभर डाव्या पेडलशी झटत होतो आणि खरं तर ते अजून घट्ट होत होतं, कारण डाव्या बाजूचे आटे उलटे असतात.

१. चेन पुढच्या मोठ्या चकतीवर घ्या म्हणजे तिचे दात झाकले जातात, नाहीतर पाना सटकला तर ते बोटात घुसतात.

२. १५ मिमीचा पाना पेडलच्या दांड्यावर टोक वर येईल असा उभा लावा, दुसऱ्या हाताने क्रँक (पेडल ज्यात बसतं तो दांडा) धरा आणि पाना मागच्या चाकाकडे ओढा, दोन्ही बाजूंना हेच.

३. आट्यांना ग्रीस लावून परत बसवा, हे आठवडाभर आधीच करा म्हणजे परतीच्या वेळीही सहज निघेल.

पॉवर बँक मात्र खोक्यात अजिबात टाकू नका, ती केबिन बॅगेतच.